बंदिशीवरचा दावा

सप्टेंबर 2018 मध्ये जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने बाखची एक रचना घरी वाजवली आणि फेसबुकवर टाकली. लगेच सूचना आली की त्यातले 47 सेकंद सोनी म्युझिकच्या मालकीचे आहेत, म्हणून तेवढा आवाज बंद केला आहे. बाख 1750 मध्ये वारला. वाजवणारा स्वतः ऱ्होड्स होता. त्याने हरकत घेतली, तीही फेटाळली गेली. ऱ्होड्स नावाजलेला होता म्हणून बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी दखल घेतली, आणि मग दावा मागे घेतला गेला. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या सेबॅस्टियन टॉमझॅक या संगीतकाराची गोष्ट गाजली होती. त्याने यूट्यूबवर दहा तासांची निव्वळ खरखर टाकली होती, रेडिओचं स्टेशन लागत नाही तेव्हा येते तशी. तिच्यावर कॉपीराइटचे, म्हणजे मालकीहक्काचे, पाच दावे लागले होते.

बाखसाठी भांडायला ऱ्होड्स होता. भूपातल्या तीनतालाच्या चीजेसाठी, हरिपाठासाठी, भैरवीतल्या ठुमरीसाठी कोण भांडणार?

माझ्या ओळखीतल्या एका तरुण गायिकेने घरात बसून, मोबाईल समोर ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाणारी एक बंदिश गायली. मागे तंबोऱ्याचं ॲप, शेजारी पेटीवर तिचा भाऊ. व्हिडिओ चढवला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस: ही चाल अमुक अल्बममधली आहे, व्हिडिओवर मिळणारं उत्पन्न हक्कदाराकडे जाईल. ज्यांच्या अल्बमशी तिचं गाणं जुळलं त्या बुवांनाही ती चीज त्यांच्या गुरूंकडूनच मिळालेली. हरकत घेण्याचं बटण होतं, पण त्याखालचा मजकूर वाचून ती घाबरली. हरकत चुकीची ठरली तर कारवाई होऊ शकते, चॅनेलवर ठपका येऊ शकतो, असं त्यात लिहिलं होतं. तिने व्हिडिओ काढून टाकला. ‘कशाला नसती भानगड,’ म्हणाली. या तीन शब्दांवरच सगळी व्यवस्था उभी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आकडे बघा. यूट्यूबच्या कंटेंट आयडी या, चढवलेला आवाज आधी जमा केलेल्या फाइलींशी आपोआप जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेने 2021 च्या पहिल्या सहामाहीत 72 कोटींहून अधिक दावे लावले, असं कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला कुणी आव्हान दिलं. आणि दिलेल्या आव्हानांपैकी सुमारे 60 टक्के निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागले. म्हणजे सहा महिन्यांत वीस लाखांहून अधिक दावे, कुणी तरी हात वर केला म्हणून, मागे घ्यावे लागले किंवा सुटले. कंपनी याचा अर्थ असा लावते की 99 टक्क्यांहून जास्त दावे बिनतक्रार मान्य होतात, म्हणजे यंत्र अचूक आहे. मला त्यात त्या मुलीसारखी असंख्य माणसं दिसतात, ज्यांनी हात वर केलाच नाही.

यंत्राशिवाय गत्यंतर नाही, हे मला मान्य आहे. मिनिटाला 500 तासांहून अधिक व्हिडिओ चढत असतील तर ते ऐकायला माणसं बसवता येणार नाहीत. संगीतकाराच्या नव्या गाण्याची सर्रास चोरी होते आणि ती पकडायला यंत्र हवंच. माझी तक्रार वेगळी आहे. यंत्र आवाज जुळवतं, चाल जुळवतं. मालकी त्याला कळत नाही. मालकी ते विचारतं कुणाला, तर ज्याने आधी आपली फाइल त्याच्याकडे जमा केली त्याला. पहिली फाइल ज्याची, चाल त्याची, असा हा न्याय आहे. आणि आपल्याकडचं बहुतेक संगीत असं आहे की त्याची ‘पहिली फाइल’ कुणाचीच नाही.

एका गाण्यात हक्क निदान तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क आपल्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो (1992 पर्यंत ही मुदत 50 होती, रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा ती वाढवली गेली). ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं. आता ‘संगीत मानापमान’ घ्या. नाटक 1911 चं. खाडिलकर 1948 मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2008 अखेर संपला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते 1955 मध्ये गेले, चालींवरचा हक्क 2015 अखेर संपला. त्यातल्या पदांच्या 1960 च्या आत निघालेल्या तबकड्याही मोकळ्या झाल्या. कायद्याने ही पदं आज तुमची-माझी आहेत. कुणीही गावीत, वाजवावीत, रेकॉर्ड करून विकावीत. उलट ‘गीतरामायणा’चे शब्द 2037 अखेरपर्यंत आणि चाली 2062 अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, कारण गदिमा 1977 मध्ये गेले आणि बाबूजी 2002 मध्ये. शाळेतल्या मुलालाही जमेल इतकं हे गणित सोपं आहे. यंत्राला मात्र खाडिलकरांची पुण्यतिथी ठाऊक नसते. गेल्या पाच-दहा वर्षांत एखाद्या कंपनीने एखाद्या गायकाकडून मानापमानातलं पद गाऊन घेतलं आणि यंत्रात भरलं, की पुढच्या प्रत्येक गायकाचं पद त्याला त्या गाण्याची नक्कल वाटणार.

आपल्या गाण्याची घडणच घेण्या-देण्यातून झाली आहे. नाट्यपदांच्या कितीतरी चाली बंदिशींवर, ठुमऱ्यांवर, कानडी आणि पारशी रंगभूमीवरच्या गाण्यांवर बेतलेल्या आहेत, आणि त्या काळी हे कुणी लपवत नसे. छापील संहितेत पदाच्या डोक्यावर मूळ चालीचा मुखडाच दिलेला असायचा: ‘चाल: अमुक’. तो ऋणनिर्देशही होता आणि गाणाऱ्याला सूचनाही. आजच्या यंत्रासमोर हेच संगीतकार बसले असते तर निम्मं नाट्यसंगीत पहिल्याच आठवड्यात मुकं झालं असतं.

आपल्याकडे चोरीची चिंता नव्हती असं मात्र नाही. घराण्याच्या चीजा जिवापाड जपल्या जात. अल्लादिया खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. केसरबाई केरकरही ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार सांभाळून असत. पण त्या काळी राखण करणारा गवई स्वतः होता. आज राखण करतो तो फाइलचा धनी, आणि गवई बहुधा बाहेर उभा असतो.

न्यायालयालाही हा गुंता सोपा वाटत नाही. डागर घराण्यातल्या ‘शिवस्तुती’ या रचनेवरून उस्ताद फैयाज वसिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान यांच्या एका चित्रपटगीताविरुद्ध दावा केला. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी अंतरिम आदेश डागरांच्या बाजूने दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. पहिल्यांदा गायलं म्हणजे रचना त्यांचीच हे सिद्ध होत नाही, असा त्याचा रोख होता. ध्रुपदाची ठेवण कुठे संपते आणि एका माणसाची प्रतिभा कुठे सुरू होते, यावर विद्वान वकिलांनी महिनोन्‌महिने युक्तिवाद केले, आणि दोन पीठांचं मत दोन तऱ्हेचं पडलं. तोच प्रश्न यंत्र क्षणात निकाली काढतं, आणि कारणही देत नाही.

बरं, या सगळ्या पहाऱ्यातून गाणाऱ्याच्या पदरात काय पडतं? हा इतिहास मराठी माणसाला जवळचा आहे, कारण गायकांना रॉयल्टी हवी म्हणून 1960 च्या दशकात लतादीदी उभ्या राहिल्या, आणि त्या वादापायी रफीसाहेबांशी त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या खटल्यात निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात वेगळी टीप जोडून म्हटलं की गाण्याला जीव देणाऱ्या गायकाला आपला कायदा काहीच देत नाही. कलावंताचा हक्क कायद्यात यायला 1994 उजाडलं. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा निम्मा वाटा, आणि तो करार करूनही सोडता येणार नाही, ही तरतूद 2012 मध्ये झाली. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले. चांगला कायदा आहे. पण तो यायच्या आधीच्या दोन-तीन दशकांत कॅसेट कंपन्यांनी आपल्या लोकगायकांकडून, शाहिरांकडून, भीमगीतं आणि भारुडं गाणाऱ्यांकडून जे काही भरून घेतलं ते बहुतेक एकरकमी बिदागीवर. कराराचा कागद असला तर इंग्रजीत, नसला तर नुसता अंगठा किंवा सही. त्या कॅसेटी आता फाइली होऊन मोबाईलवर वाजतात. पैसा ज्याच्या नावावर फाइल त्याला जातो. ज्या शाहिराचा आवाज त्यात आहे त्याच्या नातवाने तेच गाणं जत्रेत गाऊन चढवलं, तर दावा लागतो नातवावर.

आणि नवा, स्वतंत्र गाणारा? त्याने स्वतःचं गाणं स्पॉटिफायवर टाकलं तर 2024 पासून नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत 1000 वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याची रॉयल्टी मिळणारच नाही. ती रक्कम मोठ्या गाण्यांच्या वाट्यात मिसळते. हिंदी-पंजाबी गाण्याला हजार म्हणजे काहीच नाही. झाडीपट्टीतल्या दंडारीला किंवा मालवणी गजराला हजार ऐकणारे गाठणं सोपं नाही.

व्हिडिओ गेमकडे संगीतप्रेमी सहसा बघत नाहीत. बघायला हवं, कारण संगीताच्या वाट्याला उद्या जे येणार ते तिथे आधी येऊन गेलं आहे. ‘ॲलन वेक’ हा खेळ मे 2017 मध्ये विक्रीतून काढला गेला, कारण त्यात वाजणाऱ्या गाण्यांचे परवाने संपले होते. परवाने पुन्हा घेतल्यावर 2018 मध्ये तो परत आला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’ चं त्याहून गंभीर. 2008 चा हा खेळ. दहा वर्षांचे परवाने सरले तेव्हा, एप्रिल 2018 मध्ये, इंटरनेटवरून अपडेट आलं आणि खेळातल्या रेडिओवरची बरीच गाणी निघून गेली. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून खेळ घेतला होता त्यांच्या संगणकातूनही गेली. आपल्या कपाटातल्या कॅसेटमधलं एक गाणं कंपनी रातोरात पुसून टाकू शकत नव्हती. आज शकते, आणि ते कराराला धरूनच असतं. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये ट्विचवर, म्हणजे खेळ थेट दाखवण्याच्या संकेतस्थळावर, खेळताना मागे वाजलेल्या गाण्यांपायी हजारो जुने व्हिडिओ एका फटक्यात उडवले गेले. तेव्हापासून खेळ बनवणारेच एक सोय देऊ लागले आहेत: कळ दाबली की खेळातली परवान्याची गाणी बंद. खेळासाठी निवडलेलं संगीत खेळ दाखवताना बंद ठेवायचं. गाणं म्हणजे जोखीम, ते टाळलेलंच बरं, ही सवय अशी लागते. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ हल्ली कोरड्या, बिननावाच्या, ‘हक्कमुक्त’ वाद्यसंगीतावर चढतात, त्याचं कारण हेच.

लग्नाचंही तसंच. कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाने लग्नसमारंभात आणि वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना मोकळीक दिली आहे. हॉटेलं आणि कार्यालयं तरी पैसे मागतात म्हणून जुलै 2023 मध्ये केंद्राला जाहीर सूचना काढून ती पुन्हा सांगावी लागली. पण त्याच वरातीचा व्हिडिओ अमेरिकेतल्या मावशीला दिसावा म्हणून चढवला की बँड वाजताना दिसतो, ऐकू येत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रश्न गाण्यावरून गळ्यावर आणला आहे. 2024 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्यांना मनाई केली. सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले यांच्या याचिकेवर तसाच आदेश दिला. दोन्ही आदेश मला अत्यंत मोलाचे वाटतात. पण आवाजावर हक्क सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. न्यायालयाने तो व्यक्तिमत्त्वाच्या हक्कातून काढून दिला, आणि तोही नावाची ख्याती दाखवल्यावर. अमेरिकेत टेनेसी राज्याने 2024 मध्ये आवाजासाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्या गावोगावच्या कीर्तनकाराने, लावणी गाणाऱ्या बाईने, आकाशवाणीच्या जुन्या निवेदकाने काय करायचं? उच्च न्यायालयात जायला ख्यातीही हवी आणि पैसाही. त्यांचा गळा तर आज सर्वांत सहज उचलता येण्यासारखा आहे, कारण त्यांचं ध्वनिमुद्रण मुबलक आहे आणि विचारणारं कुणी नाही.

इथेही गेमवाल्यांनी वाट दाखवली. अमेरिकेत खेळांसाठी आवाज आणि अंगविक्षेप देणारे कलावंत जुलै 2024 मध्ये संपावर गेले आणि जवळजवळ वर्षभर टिकले. संमतीशिवाय डिजिटल नक्कल नाही, आणि नक्कल वापरली तर मोबदला, एवढं त्यांनी करारात लिहून घेतलं. संघटना होती म्हणून ते झालं.

आपल्या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या समितीने डिसेंबर 2025 मध्ये जो प्रस्ताव मांडला त्याचा रोख उलटा आहे. यंत्र शिकवण्यासाठी कुणाचंही साहित्य-संगीत परवानगी न घेता वापरता यावं, बदल्यात कंपन्यांनी रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावी, आणि कलावंताला नकाराचा हक्क नसावा. पैसे मिळावेत हा भाग चांगला आहे. फुकट ओरबाडण्यापेक्षा कितीतरी बरा. पण नकाराचा हक्क काढून घेणं मला अजिबात मान्य नाही. एखाद्या गायिकेला आपला गळा यंत्राला द्यायचा नसेल तर तो तिचा निर्णय आहे, त्याची भरपाई होऊ शकत नाही. आणि रॉयल्टी वाटली जाणार ती नोंद असलेल्यांना. कॅसेटच्या काळात ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचा वाटा पुन्हा फाइलच्या धन्याकडे जाणार. वाटपाचं काम सुरू व्हायच्या आधी सरकारने जुन्या एकरकमी करारांतल्या गायक-वादकांची नावं शोधून नोंदवली पाहिजेत, त्यांच्या वारसांसकट. लोककलावंतांच्या मानधनाच्या याद्या आपल्या सांस्कृतिक खात्याकडे आहेतच; तिथून सुरुवात करता येईल.

दाव्यांचं म्हणाल तर नवा कायदा लागणारही नाही. आपल्याच 52 व्या कलमात आणि 2013 च्या नियमांत लिहिलं आहे की हक्कदाराने लेखी तक्रार केली तर संकेतस्थळाने 36 तासांत मजकूर रोखावा. पण 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो. 60 व्या कलमात तर बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध दावा लावण्याची सोय आहे. तोल नीट साधलेला आहे. फक्त यूट्यूब-फेसबुकची यंत्रणा या कायद्याच्या बाहेर, कंपनीच्या खासगी अटींवर चालते. तिथे हरकतीला उत्तर द्यायला दावेदाराला 30 दिवस मिळतात, आणि खोटा दावा लावणाऱ्याला आर्थिक झळ बसत नाही. भारतात दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओवर भारतातल्या मुदती लागू करा, वादाच्या काळातलं उत्पन्न बाजूला ठेवा, आणि दावा खोटा ठरला तर दावेदाराकडून दंड घेऊन तो गायकाला द्या. त्या मुलीवर दावा लावण्याआधी कुणी तरी दोनदा विचार करील.

आणि चीजांची नोंद करा. पंडित भातखंड्यांनी घरोघरी फिरून, उस्तादांची मनधरणी करून शेकडो बंदिशी स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत उतरवल्या, त्याही मराठीत. ते 1936 मध्ये गेले. या पुस्तकांवरचा हक्क केव्हाच संपला आहे. यातली प्रत्येक बंदिश ही लिखित पुरावा आहे की ती आजच्या कुठल्याही अल्बमपेक्षा जुनी आहे. संतांच्या गाथा छापील आहेत, नाट्यपदांच्या संहिता ग्रंथालयांत आहेत, जुन्या तबकड्यांच्या तारखा संग्राहकांनी जिवाचं रान करून जमवल्या आहेत. राज्य सरकारने विद्यापीठांच्या संगीत विभागांना हाताशी धरून याची एक सार्वजनिक सूची केली, स्वर यंत्राला वाचता येतील अशा रूपात भरले आणि या कंपन्यांना सांगितलं की इथे जे आहे त्याच्या चालीवर दावा चालणार नाही, गायनाच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर तेवढा चालेल, तर काम होईल. खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवाइतका. संगीताच्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना दोन-तीन वर्षं पुरेल एवढं काम त्यात आहे, आणि भूपापासून सुरुवात करायला आजही कुणाची परवानगी लागत नाही.